मायसाठी ठेवलेली खोली

अंगद शेंद्र्याच्या एका कारखान्यात कायम कामगार होता, पण गावात त्याला ओळखत ते 'खोल्यावाला अंगद' म्हणून. पोटाला चिमटा घेऊन त्यानं शेंद्रा गावाला लागून एक प्लॉट घेतला, बँकेचं कर्ज काढलं आणि ओळीनं पाच खोल्या बांधल्या. ड्युटी सुटली की तिथं जाऊन पाण्याची मोटार चालू करायची, भाडेकऱ्यांची कटकट ऐकायची आणि मग हर्सूलला आपल्या घरी, बायको रत्नमालाकडं परतायचं. कर्जाचा हप्ता भाड्यातून फिटत होता. "धनगराच्या पोरानं मेंढरं सोडली न् भिंती राखायला घेतल्या," असं तो स्वतःच हसून सांगायचा.

पाचवी खोली रिकामी झाली तेव्हा सुकेशनीनं विचारलं. ती कारखान्यात त्याच्या शेजारच्याच मशीनवर होती, कामाला चोख. शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून दोन रिक्षा बदलून यायची.

"दादा, ती खोली मला द्या ना. लई हाल होतात येण्याजाण्यात."

'हो' अंगदच्या ओठांवर आलं होतं. पण पहिल्या खोलीतल्या बद्रीनाथनं आदल्या दिवशीच बजावलं होतं, "नळ एकच हाय, अंगदराव. आपल्यातलंच कुणी बघा, नायतर आम्ही चाललो." आणि सुकेशनी बौद्ध होती. बद्रीनाथ गेला तर त्याच्यामागं बाकीचेही जातील आणि हप्ता थकेल, या भीतीनं अंगदनं ते 'हो' गिळलं.

"मायसाठी ठेवलीय गं ती," तो म्हणाला. "गावाहून येणार हाय."

एवढं बोलून माणूस सुटत असता, तर खोटं बोलायला कुणी कचरलंच नसतं. सुकेशनी येता-जाता विचारायची, "माय आली का, दादा?" तिच्या बोलण्यात टोमणा नसायचा, निदान अंगदला तरी तो दिसला नाही. पण खाई त्याला खवखवे. खोली दुसऱ्याला द्यावी तर हिला कळणार, रिकामी ठेवावी तरी कळणार. शेवटी त्यानं गावी, पाचोडला, मायला फोन लावला.

बानाबाईला लेकानं बोलावल्याचंच केवढं अप्रूप! तिनं उरलेल्या शेळ्या बाजारात विकल्या, गावभर निरोप घेतला आणि गाठोडं बांधून निघाली. गाडी हर्सूलला न जाता शेंद्र्यात थांबली तेव्हा तिनं विचारलं, "तुझ्या घरी नाय व्हय?"

"तुला मोकळं लागतं ना, माय."

उभा जन्म माळावर काढलेल्या बाईनं त्या चार भिंती पाहिल्या आणि ती "बरं" म्हणाली. त्या संध्याकाळी रत्नमालानं पुढ्यात ठेवलेल्या ताटातलं अन्न अंगदला जाईना. त्याला स्वतःची लाज वाटत होती आणि ती बायकोलासुद्धा सांगायची सोय नव्हती.

पुढं झालं ते भलतंच. सुकेशनी ड्युटी सुटली की बानाबाईकडं डोकावू लागली. म्हातारीचं कुणाशी फारसं जमत नव्हतं, हिच्याशी मात्र गट्टी जमली. दोघी दारात बसून भाजी निवडायच्या. निघताना सुकेशनी त्याच एका नळावर म्हातारीची घागर भरून द्यायची. बद्रीनाथनं ते पाहिलं, तोंड वाकडं केलं, पण खोली सोडून तो कुठंच गेला नाही. ज्याला भिऊन एवढा उपद्व्याप केला, ते असं हवेत विरून गेलं, आणि अंगदला आपल्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

एका रविवारी तो मोटार चालू करायला आला तर दोघी दारातच बसल्या होत्या.

"आरं अंगद," बानाबाई म्हणाली, "ही पोर कुठून कुठून येती. ही खोली हिला दे. मी येते हर्सूलला, सूनबाईजवळ."

"तुझ्यासाठीच ठेवलीय की, माय."

"मी कवा मागितली व्हती?"

 आता आणखी एक थाप मारायचं बळ अंगदमध्ये उरलं नव्हतं.

"सुकेशनी, खोली तवा रिकामीच व्हती," तो म्हणाला. "बद्रीनाथ नळावरून बोलला न् मी भ्यालो. माय येणार नव्हती. तुला तसं सांगून बसलो, म्हणून मग तिला आणलं."

सुकेशनीनं मेथीची काडी मोडली. "खोली का नाय दिली ते त्याच दिवशी कळलं, दादा. आमाला काय हे नवं हाय का?"

"मग मायबद्दल सारखं विचारायचीस ते?"

"वाटायचं, कवातरी खरं सांगाल."

"उद्याच राहायला ये. बद्रीनाथचं मी बघतो."

"नको. मी मावशीसाठी येत जाईन. तेवढ्याला नाय म्हणू नका."

बानाबाई इतका वेळ एकदा लेकाकडं, एकदा पोरीकडं बघत होती. तिच्या हातातली भाजी तशीच राहिली होती.

"म्हंजी तू मला बोलावलं नव्हतंस व्हय रं?" तिनं विचारलं.

"तसं नाय, माय," अंगद म्हणाला. पण ते तसंच होतं, आणि दारात बसलेल्या दोघींनाही ते कळलं होतं.