सौ. सत्यवती यांनी बाहेर यावे

हिंदी सिनेमातलं मूल एका गाण्यात वाढतं. गाणं सुरू होतं तेव्हा ते पाळण्यात असतं, मधल्या कडव्यात धावायला लागतं, आणि कॅमेरा पायांवरून वर जातो तर समोर मिशी फुटलेला नायक. लग्नाआधी मी हे मजेत बघायची. अर्चना झाली आणि मला भलतेच प्रश्न पडायला लागले. मधल्या कडव्यात या मुलाला गोवर आला तेव्हा जागलं कोण? देवळाच्या पायरीवर आई त्याला ठेवून जाते, तर पुजारी येईपर्यंत त्याला दूध कुणी पाजलं?

म्हापशाहून निघणाऱ्या एका साप्ताहिकात मी नव्या सिनेमांवर लिहायची. माहेर पेडण्याचं, कॉलेज म्हापशाला; बस लवकर पोचायची आणि थिएटर वाटेवरच होतं, त्यामुळे बी.ए.बरोबर सिनेमाचंही शिक्षण झालं. लग्नानंतर डिचोलीहूनही लिहीत राहिले. पण अर्चना झाल्यापासून थिएटरचं तोंड पाहिलं नव्हतं. घरी कॅसेट आणून जे दिसेल त्यावर लिहायची. आमचे संपादक कृष्णनाथबाब फार सभ्य माणूस. ते एवढंच म्हणाले, की तुमच्या परीक्षणात हल्ली पोराबाळांची हजेरी फार असते, त्या सिनेमात दोन खूनही झाले होते.

थिएटरात लागलेले नवे सिनेमे मला कळत ते माझ्या नवऱ्याकडून. प्रज्योत खाण कंपनीच्या वर्कशॉपमध्ये आहे. दिवसभर खनिजाच्या ट्रकांखाली झोपून दुरुस्ती करतो आणि सिनेमा बघून आला की त्यातल्या गाड्यांबद्दलच सांगतो. अमका ट्रक पुलावरून उडाला आणि पुढे धावतही गेला, हे शक्य नाही, स्प्रिंगच्या पट्ट्या तुटल्याच पाहिजेत. नायिका कशी होती विचारलं तर म्हणाला, लाल जीपमध्ये होती. यावर परीक्षण कसं लिहायचं?

शेवटी त्यानेच टुमणं लावलं. रविवारी सकाळी म्हापशाला इंग्रजी सिनेमा लागतो, नवा आहे, ऋतिकाला घेऊन जा. ऋतिका माझी नणंद, कॉलेजातली, सिनेमाला एका पायावर तयार. अडचण माझीच होती. अर्चना आठ महिन्यांची; तिला सोडून मी विहिरीवर गेले तरी मागे वळून बघायची. माझ्या मागे ती रडून निळी होईल, वरचं काही खाणार नाही, आणि पुन्हा कधी घराबाहेर पडायचं नाव काढायची सोय राहणार नाही, असं माझं गणित होतं. हा एक सिनेमा पार पडला तर पुढचे सगळे माझे, नाहीतर कॅसेटच.

घरात फोन नव्हता. म्हणून मी एक व्यवस्था लावली. थिएटरात कुणाला तातडीने बोलवायचं असलं की काचेच्या पट्टीवर काळं फासून त्यात खिळ्याने नाव ओरखडतात आणि चालू सिनेमावर दाखवतात. कॉलेजात असताना एका डॉक्टरांना असं उठून जाताना मी पाहिलं होतं. मी सासूबाईंना सांगितलं, अर्चनाचं काही झालं तर कोपऱ्यावरच्या गोकुळदासला पाठवा, त्याच्याकडून माझ्या नावाची स्लाईड लावून घ्या. गोकुळदास म्हणजे आमच्या गल्लीतला पायलट, पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलवरून भाडं नेणारा. सासूबाईंचं नाव सुमंगला, पण त्या दिवशी चेहरा मुळीच मंगल नव्हता. त्यांनी पाच पोरं वाढवली होती. एका सकाळसाठी इतका बंदोबस्त त्यांनी मंत्र्याचा दौरा असतानाच पाहिला असेल.

सिनेमा सुरू झाला. तळ्याकाठचं लाकडी घर, धुकं, वरच्या खोलीत पाळणा. नवरा-बायको पार्टीला निघतात आणि तान्ह्या मुलाला एका कॉलेजातल्या पोरीच्या स्वाधीन करतात. नात्याची नाही, शेजारची नाही, पैसे देऊन आणलेली. ती पोरगी खाली बसून बटाट्याच्या कापट्या खाते आणि फोनवर मित्राशी बोलते. तिकडे तळ्यातून काहीतरी वर यायला लागतं.

बाकीचे प्रेक्षक त्या तळ्यातल्याची वाट बघत होते. मी पाळण्याकडे बघत होते. मूल पालथं पडलं होतं आणि कुणाचं लक्ष नव्हतं. शिवाय माझा एक डोळा पडद्याच्या खालच्या कडेला, स्लाईड तिथेच यायची. 'योगिता' ही अक्षरं दिसली की कुठून निघायचं, कुठल्या रांगेतून पाय काढायचे, सगळं ठरलेलं होतं. इंग्रजी संवाद थोडे सुटले असतील, पण पडद्याच्या त्या पट्टीवरून माशी गेली असती तरी मला दिसली असती.

इंटरव्हलपर्यंत काहीच आलं नाही. ऋतिकाने चणे आणले. मला पहिल्यांदाच जरा बरं वाटलं.

इंटरव्हलनंतर ते तळ्यातलं अंगणात पोचलं आणि पडद्यावर वाकडी पांढरी अक्षरं उमटली: सौ. सत्यवती यांनी बाहेर यावे.

मी अर्धी उठले आणि परत खाली बसले. माझं नाव नव्हतं. कुणीच उठलं नाही. मी ऋतिकाच्या कानात म्हटलं, बघ, कुणाच्या घरी काय झालंय आणि ही बाई चिकटून बसली आहे. ती चणे खात राहिली.

थोड्या वेळाने पुन्हा तीच अक्षरं. आता खालून पुढच्या बाकांवरून शिट्ट्या सुरू झाल्या. एकाने मोठ्याने सांगितलं, सत्यवती, वच गे भायर, राक्षस दिसना जालो. सगळे हसले, मीही हसले. मग मात्र मला त्या बाईचा राग यायला लागला. मूल असेल घरी. आजारी असेल. काही बायकांना सिनेमापुढे कशाचं भान राहत नाही. पुढच्या लेखात यावर दोन ओळी लिहायच्या, असंही मनात येऊन गेलं.

तिसऱ्यांदा स्लाईड आली ती लांबलचक होती. डिचोलीच्या सौ. सत्यवती यांनी बाहेर यावे.

ऋतिकाचा हात चण्यांच्या पुडीतच थांबला.

"वयनी," ती म्हणाली, "सत्यवती म्हणजे तूच न्हय गे?"

लग्नात आमच्याकडे ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. प्रज्योतनेही लिहिलं होतं. नाव सासूबाईंनी निवडलेलं. मग फोटो काढला, तांदूळ गोळा केले आणि नावही त्या तांदळांबरोबरच गेलं. प्रज्योत मला योगिताच म्हणायचा, ऋतिका वयनी, आणि सासूबाई 'आयकलें गे' म्हणून हाक मारायच्या. त्या हाकेत नाव लागतच नाही. पण परक्या माणसाकडून थिएटरात निरोप धाडायचा म्हटल्यावर त्यांनी घरच्या सुनेचं घरचं नाव सांगितलं. त्यांच्या दृष्टीने माझं दुसरं नाव नव्हतंच.

मी उठले. ठरवलेली रांग विसरले. कुणाच्या तरी पायावर पाय दिला, कुणीतरी बोट दाखवून म्हणालं, ही पळे सत्यवती, आणि अख्ख्या थिएटरने टाळ्या वाजवल्या. मला त्या ऐकू आल्या नाहीत असं म्हणवत नाही, पण डोळ्यांपुढे एकच होतं, निळी पडलेली अर्चना आणि पडद्याकडे बघून हसणारी तिची आई.

बाहेर ऊन रणरणत होतं. गोकुळदास मोटारसायकलला टेकून उभा, डोक्यापासून पायापर्यंत रस्त्यावरच्या ट्रकांच्या तांबड्या धुळीने माखलेला. मला बघून तो सावकाश सरळ झाला.

"मांयन सांगूंक धाडलां," तो म्हणाला. "चली वाटीभर तिजाण खावन न्हिदल्या. तुमी घाई करूं नाकात, सिनेमा सारको पळेवन येयात."

अर्चनाने नाचण्याची खीर खाल्ली होती. वाटीभर. आणि झोपली होती. सून तिकडे जीव टांगून बसली असेल, तिला स्वस्थ बसता यावं, म्हणून सासूबाईंनी मुद्दाम भाडं करून हा निरोप पाठवला होता. थिएटरवाल्यांना तो काचेवर मावेना. त्यांच्याकडे 'बाहेर यावे' एवढाच मजकूर लिहायची पद्धत.

मी तिथल्याच कट्ट्यावर बसले. गोकुळदासने जाऊन मला सोडा आणून दिला. निघू का तुझ्याबरोबर, असं मी विचारणारच होते. मागची सीट रिकामी होती, डिचोली फार लांब नाही. मूल झोपलेलं असेल, मी नुसती जाऊन बघितली असती. मग डोळ्यांपुढे सासूबाई आल्या, दारात उभ्या, मला वेळेआधी उतरताना बघणाऱ्या. त्यांनी निरोप धाडला होता तो मी परत यावं म्हणून नव्हे.

मी आत गेले. पुढच्या बाकांवरून स्वागत झालं. ऋतिकाने चण्यांची पुडी पुढे केली आणि कुजबुजत सांगितलं, की तळ्यातलं जिना चढून पाळण्याजवळ आलं, वाकलं, आणि मुलाच्या अंगावरचं सरकलेलं पांघरूण सारखं करून गेलं. मी ते प्रत्यक्ष पाहिलं नाही. पण त्या सिनेमात मुलाकडे लक्ष देणारं तेवढंच कुणीतरी होतं, असं मी लेखात लिहिलं आणि कृष्णनाथबाबांनी ते छापलं.

संध्याकाळी जेवताना सगळा प्रकार सांगितला. प्रज्योतला ठसका लागला. सासूबाई हसल्या नाहीत. नाव काय चुकीचं होतं का, एवढंच त्यांनी विचारलं. चुकीचं नव्हतंच. मग आम्ही दोघींनी बसून नवी पद्धत ठरवली. घरी काही बिघडलं तर स्लाईडवर योगिता. मूल खाऊन झोपलं तर सत्यवती.

आता मी महिन्यातून दोनदा तरी जाते. इंटरव्हलनंतर कधीतरी पडद्यावर ती वाकडी अक्षरं येतात, सौ. सत्यवती यांनी बाहेर यावे. पुढच्या बाकांवरचे लोक ओरडतात, शेजारच्या बायका मान हलवतात, घरी पोर टाकून येणाऱ्या आयांबद्दल काहीबाही बोलतात. मी पाय जरा लांब करते आणि चण्यांची पुडी उघडते.