खोडव्याच्या चार ओळी

वैजयंतीच्या ऑफिसात प्रोग्रॅम लिहायच्या एडिटरमध्ये एआय असिस्टंट बसवून दीड वर्ष झालं होतं. दोन अक्षरं टाइप करायचा अवकाश, पुढच्या चार ओळी करड्या रंगात हजर. टॅब दाबला की त्या ठळक व्हायच्या, म्हणजे आपल्या व्हायच्या. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात. हा मात्र भूक लागायच्या आधीच घास कोंबायचा. सुरुवातीला वैजयंती चिडायची. मग चिडणंही थांबलं. करंगळी आपोआप टॅबवर जायची, काम पुढे सरकायचं, संध्याकाळी डबा धुऊन ती होटगी रोडवरच्या खोलीवर परतायची. बरं वाटायचं नाही, वाईटही वाटायचं नाही.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी श्रीपूरजवळच्या गावाहून तिच्या वडिलांचा, महिपतींचा, फोन आला.

"वैजू, कामात हाईस का? आपला खोडवा पार शेवटाला टाकलाय गं. कारखान्याचा चिटबॉय तोडीची यादी घेऊन आलता. आपलाच न्हाय, गावातला समदा खोडवा तळाला. तुरं आल्यात उसाला, बाजूनं पांगशा फुटायल्यात, वजन घटाय लागलंय. आन् तिकडं शेजारच्या हरिबाच्या कवळ्या लागणीत तोडीची टोळी घुसलीया."

कोणाचा ऊस कधी तोडायचा हे ठरवणारा त्या कारखान्याचा प्रोग्रॅम वैजयंतीच्याच ऑफिसनं केला होता. त्यातला यादी लावायचा भाग तर तिचा एकटीचा.

"बघते आबा," ती म्हणाली.

चूक शोधायला पाच मिनिटंही लागली नाहीत. लागणीची तारीख रिकामी असेल तर तो ऊस यादीच्या शेवटी टाका. प्रोग्रॅमच्या चार ओळी, समोर तिचंच नाव, गेल्या ऑगस्टमधली तारीख. अहो, खोडव्याला लागणीची तारीख असणार कुठून? ऊस तुटला की त्याच बुडख्यातून तो पुन्हा फुटतो, त्याचं वय मागच्या तोडीपासून मोजायचं. हे त्या भागातलं शेंबडं पोरही सांगेल. वैजयंती तर उसाच्या सरीतच वाढलेली. पण त्या ओळी लिहिल्याचं तिला आठवेना, कारण तिनं त्या लिहिल्याच नव्हत्या, नुसता टॅब दाबला होता. आता लाज वाटायला हवी, असं तिच्या मनात आलं. तिनं थोडी वाट पाहिली, पण काही झालं नाही.

ती ऑफिसच्या मालकांकडे, हृषीकेश सरांकडे गेली.

"मग दुरुस्त कर की. त्या असिस्टंटलाच सांग, दोन मिनिटांत करून देईल."

"सर, मी तो बंद करून लिहिते. मागितल्याशिवाय बोलायचं नाही, अशी सेटिंग आहे त्यात. सगळ्यांच्याच मशीनवर तशी ठेवू या."

"तो काय हात धरतो का तुझा? नको असेल तर टॅब दाबू नकोस."

म्हणणं खरं होतं आणि उपयोगाचं नव्हतं. शेजारी बसून कोणी सतत आपलं वाक्य पुरं करत असेल, तर माणसानं विचार तरी कधी करायचा? पण हे काही तिला सांगता आलं नाही. पुढची यादी उद्या सकाळी निघणार होती. त्यातही खोडवा तळाला राहिला तर गावाचा ऊस उभ्या उभ्या पोकळ पडला असता.

"संध्याकाळपर्यंत देते," एवढंच ती म्हणाली.

तिनं सेटिंग बदलली. एडिटर गप्प झाला. तिनं अर्धी ओळ टाइप केली आणि सवयीनं थांबली. पुढे काहीच आलं नाही. करंगळीनं टॅब दाबला. कर्सर नुसता चार घरं सरकला. वीस मिनिटं ती तशीच बसून राहिली. जे लहानपणापासून ठाऊक होतं, त्याचीही आता खात्री वाटेना. शेवटी तिनं फोन लावला.

"आबा, खोडव्याचं वय मागच्या तोडीपासनंच धरायचं न्हवं?"

"ह्ये मला इचारतीस व्हय तू?" महिपतींना नवल वाटलं. "आन् मी गावात सांगत फिरतोय, मशीनची चूक हाय म्हून. आमची वैजू असलं लिवायची न्हाय म्हनलं."

"चूक माजीच हाय, आबा."

"तू असं लिवलंस?"

"लिवलं न्हाय. त्या मशीननं पुढं केलं, मी नुसतं व्हय म्हनलं."

महिपती रागावले नाहीत. त्यांना खरोखरच समजून घ्यायचं होतं.

"मग व्हय म्हनायच्या आदी वाचलं तरी व्हतंस का?"

"न्हाय."

त्यांनी फोन ठेवला नाही. वैजयंतीचे कान तापले. तिला लाज वाटली, चांगली सणसणून वाटली. कित्येक महिन्यांत तिला पहिल्यांदाच काहीतरी वाटलं होतं. फोन तसाच कानाशी धरून, मोकळ्या हातानं एकेक अक्षर दाबत, ती खोडव्याच्या वयाची ओळ लिहू लागली.