पुढचं पान

“ह्यातलं पुढचं पान कुठं सापडायचं?” नूतनताईंनी टॅबलेट उलटा करून मागची बाजूही तपासली.

मी म्हणालो, शोधायचं नाही, नुसतं बोलायचं. ग्रामसभेत तक्रार मांडावी तशा आवाजात त्या “पुढचं पान” म्हणाल्या. पान आलं. बैल अचानक बोलला तर लोक त्याच्या मालकाकडे बघतील, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

हिर्डोशीच्या अलीकडच्या आरोग्य उपकेंद्रात त्या एकवीस वर्षं नर्स आहेत. मी पुण्यातल्या कंपनीत सॉफ्टवेअर सोपं करतो, म्हणजे बटणं मोठी करतो. पेशंट बोलेल ते आमचं एआय ऐकणार, लक्षणं लिहून घेणार आणि रंग दाखवणार. लाल आला तर अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायची, हिरवा आला तर घरी पाठवायचं. ‘नेक्स्ट’ कुणाला कळत नाही म्हणून ‘पुढचं पान’ ही माझी कल्पना. ऑफिसात टाळ्या पडल्या होत्या. मूळचा मार्गासनी गावचा म्हणून मी कंपनीचा ग्रामीण भाषेचा तज्ज्ञ होतो. तिथून पाचवीतच पुण्याला गेलो, हे कुणी विचारलं नव्हतं.

फॉर्मवर नूतनताईंची एक सही हवी होती: ‘सॉफ्टवेअरला पेशंटची भाषा कळते.’ त्या म्हणाल्या, एक तरी पेशंट येऊ दे. आणि मागच्या खोलीत एका बाळाला डोस द्यायला गेल्या.

पेशंट आला. बिरू नावाचा मेंढपाळ, बायकोच्या खांद्याचा आधार घेत. बायको, बयाबाई, माझ्या गळ्यातलं ओळखपत्र बघून म्हणाली, “डाक्टर, ह्यांना पान लागलंय.”

मी तोंड उघडायच्या आत टॅबलेट गोड आवाजात बोलला, “पान लागले आहे. पुढच्या पानावर जायचे का?”

“पुढचं कशाला?” बयाबाई घाबरली. “येकच लागलंय.”

स्क्रीन हिरवी झाली.

पान लागणं मला नवं नव्हतं. माझे आजोबा रखमाजी पान लागून गेले, हे घरात ऐकतच मोठा झालो. म्हणून मी जन्मात पान खाल्लेलं नाही. मित्रांच्या लग्नातही बडीशेपेवर भागवतो. तेव्हा प्रसंगाचं गांभीर्य ओळखून मी विचारलं, “साधं होतं की तंबाखूचं?”

बिरूच्या पापण्या खाली येत होत्या. टॅबलेटनं विश्रांतीचा सल्ला दिला. मी खुर्ची पुढे केली, आणि सुपारी कच्ची होती का तेही विचारलं. सगळं मिळून चार मिनिटं गेली. वेळ स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसते. तीही मीच मोठी केली होती.

मग नूतनताई दारात आल्या. बयाबाईनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं. ताईंनी खाली वाकून बिरूचा घोटा बघितला.

“साप चावलाय, इंजिनेर,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “त्येचं नाव घेत न्हाईत हितं, पान लागलं म्हनत्यात.”

रंग न बघताच त्यांनी अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला, भोरच्या दवाखान्याला कळवलं, बिरूला आडवं करून हलू नको म्हणून बजावलं. पायाला आधार हवा होता. त्यांनी टॅबलेटचा जाड खोका फाडला, पायाला दोन्ही बाजूंनी लावला आणि वरून पट्टी गुंडाळली. आमच्या उत्पादनाचा वैद्यकीय उपयोग झाला तो तेवढाच.

मला श्वास मोजायला बसवलं. मिनिटाला बावीस. मग अठरा. मग चौदा. गाडी आली तेव्हा मी बारा मोजून तेराव्या श्वासाची वाट बघत होतो.

गाडी बिरूला आणि बयाबाईला घेऊन गेली. भोरहून फोन येईना. मी आईला लावला. विचारलं, आजोबांना पान लागलं म्हणजे काय झालं होतं?

“नाव नको घेऊस त्येचं,” आई म्हणाली. मग थांबून, “तुला ठाव न्हवतं?”

मी म्हणालो, मला खायचं पान वाटायचं.

आईनं विचारलं, “म्हनून तू पान खात न्हाईस व्हय रं?”

आम्ही दोघंही हसलो नाही.

साडेपाचला भोरहून फोन आला. बिरू श्वासाच्या मशीनवर होता, पण हाताची बोटं हलवत होता. नूतनताईंनी खुर्चीत बसून घेतलं. रजिस्टरात सावकाश ‘सर्पदंश’ लिहिलं. मग माझा फॉर्म जवळ ओढला, वाचला, आणि सही न करता पेन माझ्या हातात दिलं.

“‘कोणते पान समजायला अवघड गेले’ असं इचारलंय. हे तुमीच भरा.”

मी लिहिलं: पहिलंच.

टेबलावरचा टॅबलेट अजून ऐकत होता. “पान लागले आहे,” तो म्हणाला.

मी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले.