खिडकीसमोरचा लंगडा बाक

मित्रांनो, मी एका लाँड्रीतला जुना बाक आहे. कारकुनाच्या खिडकीसमोर वर्षानुवर्षे उभा राहून माझा जीव अगदी विटला आहे. सुताराने मला चांगल्या जाड लाकडातून घडवले होते. पण ओल्या फरशीने माझा एक पाय कुजला आणि तेव्हापासून मी लंगडतो. बसणारा कलला की शिव्या मलाच.

पूर्वी म्हातारपणीच्या पेन्शनसाठी पगारातून पैसे बाजूला टाकायचे, तर कामगाराने खिडकीशी येऊन तसे सांगावे लागे. कुणी फिरकत नसे. मग नियम उलटला. सगळ्यांची नावे आपोआप घातली गेली, मालकालाही आपली भर घालावी लागली. आता ज्याला नको, त्यानेच यायचे होते. एकदम माझ्यावर झुंबड उडाली.

त्यात इस्त्रीवाल्या मावशी होत्या आणि गाठोडी वाहणारे त्यांचे दीर होते.

"भावजी, हातात पडायच्या आधीच पगार कापतात म्हणजे काय! म्हातारपण कुणी पाहिलंय?"

"म्हणून तर नाव कमी करून घेऊ, वहिनी. तुम्ही बसा, मी उभा आहे."

मावशी बसल्या आणि मी कललो. कारकून चहाला गेला की लवकर उगवत नसे. मावशींची कंबर भरून आली.

"मेला हा बाक! जाऊ दे, पुढच्या आठवड्यात बघू," म्हणून त्या उठल्या. तो पुढचा आठवडा काही आला नाही. भावजी मात्र नाव कमी करूनच हलले.

वर्षे गेली. मावशी काम सोडून घरी बसल्या, त्यांना पेन्शन सुरू झाली. भावजी अजून गाठोडी वाहतात. हल्ली दारापासून इथवर येतानाच त्यांना धाप लागते. परवा ते टेकले, मी कललो, आणि ते भिंत धरून कसेबसे सावरले. मावशी त्यांचा डबा घेऊन आल्या होत्या.

"किती दिवस असं ओझं वाहणार, भावजी?"

"हातपाय चालतायत तोवर. त्या दिवशी मीही कंटाळून निघून गेलो असतो तर बरं झालं असतं, वहिनी."

मावशींनी डबा उघडून भावजींच्या हातात दिला.

माझ्या लंगडेपणाने एकीचे म्हातारपण सावरले म्हणतात. आनंद मानायचे त्राण आता माझ्यात नाही. मित्रांनो, एवढेच करा, माझा पाय नीट करा. मला रंगरंगोटी नको. पण भावजींना अजून बरीच गाठोडी उचलायची आहेत, आणि मधे घटकाभर तरी त्यांना धड बसता यायला हवे.