पुतळीबाईंच्या हातातला माऊस

पुतळीबाईंच्या ओटीवर पाय ठेवायला जागा नव्हती. अख्खी आळी लॅपटॉपच्या दर्शनाला लोटली होती. लॅपटॉपला हळदकुंकू लावलेलं, पुढच्या कडेवर झेंडूच्या हारांचा ढीग, आणि त्या ढिगात उजवा हात खुपसून, अर्धे डोळे मिटून बसलेले मितेश महाराज. परवापर्यंत हेच महाराज रोह्यात मोबाइलची कव्हरं विकत होते, पण भक्तीच्या भरात असलं काही कुणाला आठवत नसतं.

पुतळीबाईंचा मुलगा धनेश गणपतीच्या आधी हायवेवर मोटरसायकलवरून पडून वारला. तेव्हापासून त्यांना ना रडू आलं, ना भूक लागली. महाराजांनी माऊस दिला, तो त्यांनी कुणी रिकामी वाटी हातात द्यावी तसा धरला.

"हलवू नका. पडद्यावरचा बाण धनेशचा आत्मा हलवील," महाराज म्हणाले. "आणि माऊस लावला की लॅपटॉपची खालची, बोट फिरवायची पाटी बंद पडते बरं का! विचारा शिकलेल्यांना!"

कॉलेजातल्या दोन पोरांनी माना डोलावल्या.

"धनेशा, तुझा घात कोणी केला?" महाराजांनी विचारलं.

पडद्यावर घरच्यांचे फोटो होते. बाण सरकत सरकत धनेशच्या बायकोच्या, प्रतिक्षाच्या फोटोवर जाऊन घिरट्या घालू लागला.

"पांढऱ्या पायाची!" पुतळीबाईंच्या जाऊबाई हौसा किंचाळल्या. "धाडा हिला खांबला, माहेरी! आजच्या आज!"

एकच गलका झाला. पुतळीबाईंना त्याचंही काही वाटलं नाही. आपला हात हलला नव्हता, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

प्रतिक्षा पेणला शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. ती सासूच्या कानाशी वाकली. "आई, माऊसची वायर ओढून काढा."

पुतळीबाईंनी ओढली. महाराजांचे मंत्र चालूच, आणि बाणही फिरतोच आहे! पुतळीबाईंनी हार उचलले. खाली महाराजांचा अंगठा पाटीवर गुपचूप फिरत होता.

"माऊस लावला तरी ही पाटी बंद पडत नाय," प्रतिक्षा म्हणाली. "दोन्ही एकदमच चालतात. तुम्ही आईंच्या हाताकडे बघत होता, बाण यांचा अंगठा चालवत होता. घरी जाऊन स्वतः करून बघा."

"आत्मा... अंगठ्यातूनही..." महाराज पुटपुटले. कुणीतरी फिसकन हसलं.

पुतळीबाई हसल्या नाहीत. "उठा समद्यांनी," त्या म्हणाल्या. "काय विचारायचं ते जित्या माणसाला विचारा. मी मेलेल्याला विचारीत बसले, आन् त्याच्या मागं गाडीवर बसलेली माझ्या घरातच हाय. तिला एकदा पन विचारलं नाय."

मग त्या सुनेकडे वळल्या. "बस गो इथं. माझा धनेश कसा पडला, तू सांग."

प्रतिक्षा बसली आणि सांगू लागली.