ठाण्यात विसरलेली सावड

ठाण्यात एकट्या माणसाने पोर वाढवायचं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच ठाऊक! घरभाडं देऊन जरा श्वास घ्यावा, तोच पाळणाघराच्या बाई फी वाढवतात. शेखरची बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. लिफ्ट दुरुस्त करणारा हा गडी सहा वर्षांच्या अक्षदाच्या वेण्यासुद्धा झकास घालायचा. पण यंदा त्याने हात टेकले. लेकीला मुरबाडकडच्या गावी, आपल्या बहिणीकडे, कमळताईकडे ठेवायचं, तिथल्याच शाळेत घालायचं आणि आपण रविवारी येऊन भेटायचं, असं त्याने ठरवलं. पोरीला मात्र एवढंच सांगितलं, की आत्याकडे मज्जा असते.

ते पोहोचले तेव्हा कमळताईच्या शेतात भाताची लावणी चालली होती. गावातल्या घरोघरची माणसं वाकून रोपं लावत होती. अक्षदाने चप्पल भिरकावली आणि थेट चिखलात उडी मारली. शेखरही पँट दुमडून उतरला.

"किती दिस राहशील रे?" शेजारच्या देवकीकाकूंनी विचारलं. सत्तरी ओलांडलेली बाई, पण हात असा चालायचा की तरण्या सुनांची दमछाक व्हावी!

"मी उद्या जाईन, काकू. अक्षदा इथेच राहील आता."

पोरीने ऐकलंच. "पप्पा, तुम्ही मला सोडून जाणार?" एवढं म्हणून ती बांधावर जाऊन बसली आणि हमसून हमसून रडू लागली. शेखरचा जीव तीळ तीळ तुटला.

कमळताई तिला जवळ घ्यायला धावली. देवकीकाकू कंबर सरळ करून म्हणाल्या, "तुझ्या बिल्डिंगीत माणसं राहतात का नाय?"

"समोर कुणाली आहे, नर्स. तीही एकटीच, भावेश तिचा मुलगा. शाळा सुटल्यावर अक्षदाला सांभाळते म्हणाली होती. मीच नको म्हटलं. फुकटचे उपकार कशाला घ्यायचे?"

"अस्सं! मग आमी आज कमळीवर उपकार करतोय व्हय?"

"छे हो काकू, ही तर सावड! आज सगळे तिच्या शेतात, उद्या ती तुमच्या शेतात."

"येवढं समजतं, मग ठाण्याला काय अक्कल गहाण टाकलीस?"

"तिथं कुठंय शेत?" शेखर भाबडेपणाने म्हणाला, आणि लावणीची अख्खी रांग खो खो हसली.

"अरे येड्या, सावड माणसांची असते! मी एकटीनं तीन पोरं वाढवली म्हणतात लोक. खोटं हाय ते! शेजारच्या धाऊच्या आईनं माझी पोरं बघितली, मी तिचं शेत लावलं. कुणाचं नाक कापलं नाय त्यात. त्या कुणालीला तुझी कधी गरज लागते, इचारलंस कधी?"

खरंच, शेखरने कधी विचारलंच नव्हतं! चिखलाचे हात पँटला पुसून त्याने तिथूनच फोन लावला. "कुणालीताई, तुमच्या ड्युटीच्या वेळी भावेशला मी सांभाळलं तर चालेल?"

"चालेल? अहो शेखरभाऊ, रविवारची ड्युटी लागली की मी रडकुंडीला येते! मला वाटलं, तुम्हाला आमच्याशी संबंधच नको. तुम्ही भावेशला रविवारी बघा, अक्षदाला रोज शाळा सुटली की माझ्याकडे पाठवा, तोवर मी घरी आलेली असते. ठरलं!"

शेखरने धावत जाऊन लेकीला उचललं. "चल गो बाय, उद्या आपण दोघंही घरी जायचं!" अक्षदाने चिखलाने माखलेल्या हातांनी पप्पांच्या गळ्याला मिठी मारली. त्या दिवशी बांधावरच्या भाकऱ्या त्या दोघांनी अशा हाणल्या, की कमळताईला पुन्हा चूल पेटवावी लागली.

मंडळी, शहर महाग आहे, ते आपल्याच्याने स्वस्त व्हायचं नाही. पण दारं लावून एकेकट्याने झुरत बसलो, की ते आणखी महाग पडतं. मदत घ्यायला लाजू नका, आणि आपणही कुणाच्या उपयोगी पडू शकतो हे विसरू नका. समोरच्या दाराशी जाऊन आजच विचारा, "तुम्हाला माझी कधी गरज लागते?" शेखरने तेवढंच विचारलं, म्हणून अक्षदा आज आपल्या पप्पांजवळ वाढते आहे.