आजचा मुक्काम

राजुरीच्या पोपटशेठचा काँप्युटर सुरू व्हायला वीस मिनिटं घ्यायचा, आणि शेठनाही त्याची घाई नसायची. सकाळी बटण दाबायचं, अंघोळ उरकायची, कपभर दूध घ्यायचं आणि मग खुर्चीत येऊन बसायचं. तोवर पडद्यावर एक निळं चक्र गरगरत असायचं. त्याच्याकडे बघता बघता शेठचे डोळे जड व्हायचे. ती झोपही नव्हती आणि जागही नव्हती. खिडकीतून शेजारच्या कांद्याच्या रोपांचा ओला वास यायचा, आणि त्या चक्राच्या आत त्यांना एक रस्ता दिसायला लागायचा. पहाटेचं धुकं, डांबराची कड, आणि त्या कडेने पांढऱ्या वस्त्रांत चाललेल्या चौघी जणी. चौघींचे पाय अनवाणी. त्यातली तिसरी त्यांची नीलम.

नीलमने दीक्षा घेतली त्याला अकरा वर्षं झाली. आता ती साध्वी. नाव बदललं, घर सुटलं, फोन नाही, पत्ता नाही. जैन साध्वी गाडीत पाऊल ठेवत नाहीत. चातुर्मासाचे चार महिने एका गावी काढायचे, बाकी आठ महिने या गावाहून त्या गावी पायी चालायचं. समाजातल्या काही हौशी मंडळींनी एक साइट काढली होती. कुठल्या साध्वी कुठवर पोचल्या ते तिथे रोज लिहिलेलं असायचं. वर चौघींची नावं आणि खाली एकच ओळ, आजचा मुक्काम अमुक.

त्यांच्या मुलाने, पुण्याच्या जिनेशने, हे पान दोन वर्षांपूर्वी आईसाठी उघडून दिलं होतं. पासवर्डही त्यानेच घातला. सज्जनबाईंनी ते चार दिवस पाहिलं आणि सोडून दिलं. त्यांना पान बघण्यात रस नव्हता. पोरीला बघायचं असलं की त्या सरळ एसटीने जाऊन दर्शन घेऊन यायच्या. पानाला चिकटले ते शेठ, आणि तेही गुपचूप. बायकोला कळत नाही अशी त्यांची समजूत होती. एका खोलीत पंचेचाळीस वर्षं राहिलेल्या माणसाने अशी समजूत करून घ्यावी, यावरून शेठ किती भोळे ते ओळखा.

स्वतः शेठ मात्र लेकीच्या दर्शनाला एकदाही गेले नव्हते. त्याचं कारण सांगायचं तर दुकानापासून सुरुवात करायला हवी. पोपटलाल कापडवाले म्हणजे गिऱ्हाइकाला कधी नाही न म्हणणारा माणूस. पातळात हिरवा रंग नसला तर ‘नाय’ असा शब्द तोंडातून निघायचा नाही. ‘बसा, च्या घ्या, परवा मागवून देतो’ असं निघायचं. त्यांच्या वडलांनी घालून दिलेला तो दंडक होता. पन्नास वर्षांत त्यांनी एकालाच नाही म्हटलं, ते पोटच्या पोरीला. दीक्षेला आईबापाची आज्ञा लागते. नीलम तीन वर्षं आज्ञा मागत राहिली, आणि शेठ तीन वर्षं नाही म्हणत राहिले. अखेर एका संध्याकाळी त्यांनी रागारागाने कागदावर सही केली आणि दीक्षेच्या दिवशी दुकान उघडून बसले. पुढे कोणी मुलीची चौकशी केली की ‘लांब असते’ एवढंच सांगायचे. राग केव्हाच निवला होता, पण कुठल्या तोंडाने समोर जायचं हे त्यांना कळत नव्हतं.

या वर्षी ती नाशिककडून पुण्याच्या रस्त्याने खाली येत होती. म्हणजे आळेफाट्यावरून जाणार, घरापासून दहा किलोमीटरवरून. शेठनी मनाशी ठरवलं होतं की फाट्यावर चहाच्या टपरीआड उभं राहायचं, लांबून एकदा बघायचं आणि घरी यायचं. कोणाला ताकास तूर लागू द्यायची नाही. म्हणून ते रोज पानावर डोळे लावून बसत होते. संगमनेर झालं, चंदनापुरी झाली, घारगाव आलं. आणि मग पान घारगावलाच अडलं. आजचा मुक्काम घारगाव. दुसऱ्या दिवशीही घारगाव. पाच दिवस झाले तरी घारगावच. चक्र गरगरायचं, शेठना गुंगी यायची, आणि गुंगीत त्यांना नीलमचा सुजलेला पाय दिसायचा. कुठल्याशा खोलीत भिंतीला टेकून ती बसली आहे, पायाला हळदीचा लेप आहे, आणि बाहेर रस्ता तिची वाट बघत पडला आहे. शेठचा जीव टांगणीला लागला होता.

सहाव्या दिवशी सज्जनबाईंनी परस्पर शेजारच्या हर्षालीला बोलावून आणलं. हर्षाली भगवंत बागायतदाराची मुलगी. अवसरीच्या कॉलेजातून इंजिनियर झालेली आणि आता घरी बसून कुठल्याशा कंपनीचं काम करणारी.

“शेठबाबा, सरका जरा,” ती म्हणाली. “काकी म्हणत्यात काँप्युटर लई रखडतोय.”

“चालतंय की त्याचं. मला कुठं गाडी पकडायचीय,” शेठ म्हणाले, पण खुर्ची सोडावी लागली. सज्जनबाई मेथीची जुडी घेऊन उंबऱ्यापाशीच निवडत बसल्या.

हर्षालीने पाचदहा मिनिटं इकडे तिकडे पाहिलं आणि हसायलाच लागली. “अवो शेठबाबा, दोनशे चौदा साइटी तुमाला रोज निरोप धाडत्यात. टायरवाले, नोकरीवाले, टक्कल घालवणारे, वधूवरवाले. ह्या समद्यांना तुमी हो म्हणून बसलाय.”

“त्यांनी इचारलं व्हतं. परवानगी द्या म्हणून.”

“मंग नाय म्हणायचं.”

“दारात आलेल्याला नाय कसं म्हणायचं?”

हर्षालीने कपाळाला हात लावला आणि कामाला लागली. काँप्युटर चालू केल्याबरोबर सतरा प्रोग्राम आपणहून उठून बसत होते. त्यातले चौदा तिने झोपवून टाकले. कधीकाळी उतरवून घेतलेले आणि कधीच न लागलेले सहा काढून टाकले. डिस्क गळ्यापर्यंत भरली होती. तिथली अडगळ पुसली. दोनशे चौदा जणांचे निरोप एका दमात बंद केले. शेठना उगाच वाईट वाटलं.

“आता ह्या कुकीज,” ती म्हणाली.

“त्या काय असत्यात?”

“चिठ्ठ्या समजा. तुमी साइट उघडली का ती तुमच्याकडं एक बारकी चिठ्ठी ठेवून जाती. हा माणूस आलता, ह्यानं हे बघितलं. काही चिठ्ठ्या कामाच्या, त्यांच्यामुळं रोज पासवर्ड टाकावा लागत नाय. बाकीच्या नुसत्या तुमच्यावर पाळत ठेवायला. काँप्युटर काय त्यांच्यानं एवढा दमत न्हाई, पण साफ केलेल्या बऱ्या.”

“अन् समद्या काढल्या तर?”

“तर जिथं जिथं आत हाय तिथून बाहेर पडाल. परत पासवर्ड टाकायचा.”

पासवर्ड जिनेशकडे. त्याला विचारायचं म्हणजे नीलमबद्दलचं अकरा वर्षांचं मौन फोनवरून फोडायचं. आणि नाही विचारलं तर पान गेलं. नीलम घारगावहून कधी उठली, फाट्यावर कधी आली, काही कळणार नाही. “ऱ्हाऊ दे,” शेठ घाईने म्हणाले. “झालं तेवढं पुष्कळ झालं.”

“तसं नाय, एखादी ठेवून बाकीच्या पुसता येत्यात. कुठली ठेवू ते नाव सांगा फकस्त.”

शेठनी उंबऱ्याकडे पाहिलं. सज्जनबाईंची मान खाली होती. बोटं मेथीची पानं खुडत होती. शेठनी खाकरून घसा साफ केला, टोपी काढली, पुन्हा घातली.

“ती आपली विहाराची हाय ना,” ते हळूच म्हणाले. “साध्वींचा मुक्काम लिहित्यात ती. तेवढी ठेव.”

मेथी खुडणारी बोटं क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू लागली. सज्जनबाई काही बोलल्या नाहीत, आणि त्याबद्दल शेठना बायकोचे पाय धरावेसे वाटले.

हर्षालीने तेवढी एक चिठ्ठी राखली, बाकीच्या पुसल्या. साठवून ठेवलेल्या जुन्या पानांच्या नकलाही काढल्या आणि काँप्युटर बंद करून पुन्हा लावला. शेठ सवयीने परत खुर्चीत येऊन रेलले, चक्राची वाट बघू लागले. पण डोळा लागायच्या आत पडदा उजळला. त्यांना ते जरा आगाऊपणाचं वाटलं. हर्षालीने पान उघडलं. वर चौघींची नावं आणि खाली ओळ होती, ‘आजचा मुक्काम सायंकाळी कळंब’.

“कळंब कसं?” शेठ पुढे वाकले. “सकाळी घारगाव व्हतं की. एका दिवसात घारगावहून कळंबला कोण चालंल?”

हर्षालीने तारीख शोधली. “सकाळी बी घारगाव नव्हतं, शेठबाबा. मागले पाच दिवस तुमी पान बंद केलं न्हाई, अन् नवं मागवलंबी न्हाई. मंग तो आपला साठवलेलं जुनंच दाखवीत ऱ्हायला. त्याच्यावरचं ‘आज’ गेल्या शुक्रवारचं हाय.”

म्हणजे पाय सुजला नव्हता. हळदीचा लेप नव्हता. हर्षालीने मागच्या तारखा उघडल्या, तर मंगळवारी सकाळीच नीलम आळेफाट्यावरून गेली होती. त्या वेळी शेठ इथे, दहा किलोमीटरवर, चक्राकडे बघत डुलक्या घेत होते. स्वप्नात तिला चालताना बघत होते आणि ती खरोखरच चालत होती. शेठना एवढं वाईट याआधी एकदाच वाटलं होतं, दीक्षेच्या दिवशी रिकाम्या दुकानात. तोंड फिरवून ते खिडकीबाहेर बघत राहिले, पण डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि त्या लपवण्यासारख्या नव्हत्या.

सज्जनबाईंनी मेथी बाजूला सारली. “हर्षाली, बापाची पिकअप दारातच हाय ना गं? चार वाजायला आल्यात. संध्याकाळचं चालणं आत्ता सुरू झालं असंल.” मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, “अहो, उठा. तोंड धुवा.”

तिघं पुढे दाटीवाटीने बसली, गाडी हर्षाली चालवत होती. मागे टोमॅटोचे रिकामे क्रेट खडखडत होते. आळेफाटा गेला, नारायणगाव गेलं. दोन्हीकडे द्राक्षांच्या बागांवर ऊन पिवळं पडत चाललं होतं. थंडीतलं ते ऊन, इंजिनाची घरघर, आणि काचेत मागे मागे सरकणारी झाडं. शेठना कळेना आपण जागे आहोत की अजून खुर्चीतच आहोत. रस्त्याच्या कडेने मेंढरं जात होती, उसाची बैलगाडी जात होती. आणि मग, कळंब तीनेक किलोमीटरवर असताना, कडेच्या मातीवरून एका ओळीत चाललेल्या चौघी दिसल्या.

“थांबव,” शेठ म्हणाले. “जरा मागंच थांबव.”

ते एकटेच, डावा गुडघा सांभाळत उतरले. चपला गाडीतच काढून ठेवल्या. कुठे टपरी नव्हती, झाड नव्हतं, लपायला काहीच नव्हतं. साध्वी विहारात असल्या की श्रावकांनी थोडं अंतर राखून मागून चालायचं असतं, सोबत म्हणून. शेठ तसे चालू लागले. चौघींच्या तोंडावर पांढरी मुखपट्टी होती, आणि पाठमोऱ्या तर सगळ्या सारख्याच. पण तिसरी चालताना उजवा खांदा किंचित वर उचलायची. शाळेच्या दप्तराची ती जुनी सवय होती. ही खरी होती. तिच्या पावलांची माती उडत होती आणि ती माती त्यांच्या पायांवर बसत होती.

सर्वांत मागे चालणाऱ्या वयस्क साध्वींना चाहूल लागली. त्या याच वर्षी या संघात आल्या होत्या, त्यांनी शेठना कधी पाहिलं नव्हतं.

“श्रावकजी, कुठले आपण?” त्यांनी विचारलं.

शेठनी हात जोडले. “मत्थएण वंदामि, महाराज. राजुरीचा.”

“दया पाळो. राजुरीत आपली घरं किती?”

“एकच ऱ्हायलंय. आमचं.”

“घरातून कोणाची दीक्षा झाली आहे?”

विहारात भेटलेल्या कुठल्याही श्रावकाला विचारतात तसाच हा प्रश्न होता. पुढे तिसरी साध्वी तशीच चालत होती.

“झालीय,” शेठ म्हणाले, आणि आवाज त्यांना वाटलं त्यापेक्षा मोठा आला. “माझी मुलगी हाय. आज्ञा द्यायला मी तीन वरसं लावली. अन् दिली ती बी रागानं दिली. लई चुकलं माझं, महाराज.”

तिसरी साध्वी थांबली. मागे वळली नाही. हातातला ओघा, तो लोकरीचा कुंचा, तिने छातीशी धरला आणि थोडा वेळ तशीच उभी राहिली. वरच्या रस्त्यावरून एक ट्रक गेला.

“महाराज,” ती मागच्या थोरल्या साध्वींना म्हणाली, “आपण जरा सावकाश चालू या का? श्रावकजींचा डावा गुडघा दुखतो.”

थोरल्या साध्वींनी तिच्याकडे पाहिलं, मग शेठकडे पाहिलं आणि मान हलवली. चौघींची पावलं मंदावली. पोपटशेठ थेट कळंबपर्यंत त्यांच्यामागून चालत गेले.